काज बुजवणारी

ताईसमोर भोक पडलेलं कापड आलं की तिचा हात आपसूक सुईकडे जातो. कोटाला कसर लागलेली असो, पँटवर सिगारेटची ठिणगी पडलेली असो, नाहीतर खिळ्याला अडकून शाल फाटलेली असो, ताई आधी कापड उलटं करते. आतल्या शिवणीत दडलेल्या भागातून त्याच कापडाचे धागे ओढून काढते आणि भोकावर उभे-आडवे विणत बसते. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देऊन म्हणते, "शोधा." गिऱ्हाईक खिडकीशी जातं, कापड उजेडात धरतं, चष्मा वर-खाली करतं आणि शेवटी हात टेकतं. तोवर ताई पुढच्या कामाला लागलेली असते.

रफूचं हे काम तिला वडिलांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, ती त्यांच्या शेजारी ठाण मांडून बसली आणि उठवली तरी उठेना, म्हणून त्यांनी सुई दिली. धाकटा भाऊ शेजारी खेळायचा, त्याला ह्यात कधीच रस नव्हता. पुढे तो विम्याच्या कचेरीत लागला, आता निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर बायकोबरोबर राहतो. केस पिकले, तरी ताई त्याला छोट्याच म्हणते. खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली ताईची. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी आणि दाराला कायम अडकवलेले कोणाचे ना कोणाचे कपडे.

छोट्याकडे तिच्याविरुद्ध एक हत्यार आहे आणि ते त्याने जन्मभर पुरवून वापरलंय. ताई नवशिकी होती तेव्हा वडिलांनी तिला एक कोट देऊन सांगितलं, "ह्याची भोकं बुजव." बाईसाहेबांनी कोपरावरचं भोक बुजवलं, खिशाजवळचं बुजवलं आणि त्याच झपाट्यात पुढची सगळी काजंही बुजवून टाकली. इतकी सफाईने, की गिऱ्हाईक बटणं लावायला गेलं तर बोटं नुसतीच फिरत राहिली. वडील रागावले नाहीत, हसले. छोट्या मात्र अजून हसतोय. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की हा सुरू: "आमची ताई, काज बुजवणारी."

ताई हे ऐकून घेत आली. थट्टेचं तिला वावडं नव्हतं. तिला वावडं होतं ते आपल्या मागे आपल्याबद्दल कोणी काही ठरवण्याचं, आणि छोट्याने नेमकं तेच केलं होतं.

झालं असं. ताईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम करू नका म्हणून बजावलं. ताईला मोठं काम यायचं ते एका लाँड्रीकडून. शहरभर तिच्या शाखा. कुठल्याही शाखेत फाटका कपडा आला की मालक त्याचा फोटो फोनवरच्या ग्रुपवर टाकायचा आणि कारागिरांपैकी जो आधी 'होईल' म्हणेल त्याला काम. ताईकडे तेव्हा साधा बटणांचा फोन, म्हणून ग्रुपवर छोट्याचा नंबर. तो फोटो घेऊन खाली यायचा, ताई बघायची आणि तो वर जाऊन उत्तर टाकायचा. शस्त्रक्रियेनंतर मात्र छोट्या खाली आणायचा ते चेन बदलायची, अस्तर लावायचं, बाह्या आखूड करायच्या, असलं फुटकळ काम. ताई समजली की धंदा मंदावलाय.

आज दुपारी दुधाच्या दुकानात लाँड्रीचा मालक स्वतः भेटला.

"काय ताई, डोळे कसे आहेत? रफू सोडलंत ते बरं केलंत. ह्या वयात कशाला जिवाला त्रास?"

"कोणी सोडलं?" ताईने विचारलं.

मालक गडबडला. "तुमचे बंधूच म्हणाले. फोटो टाकला की त्यांचं उत्तर ठरलेलं, 'ताईकडून होणार नाही.' आत्ताही एक कोट आलाय. एका बाईंच्या वडिलांचा, ते गेले आता. छातीवरच कसर लागलीय. बाकीच्यांनी हात वर केले. आज दुकान बंद होईपर्यंत कोणी घेतला नाही तर त्या परत घेऊन जाणार. कापून उशीचा अभ्रा करीन म्हणतात."

"मी येते बघायला."

"तो शहराच्या पार त्या टोकाच्या शाखेत आहे. तुम्ही पोचेपर्यंत शटर पडेल. तुमच्या फोनवर इंटरनेट असेल तर सांगा, आत्ता ग्रुपवर घेतो."

"आहे," ताई म्हणाली. ते धडधडीत खोटं होतं, पण तिच्या तोंडून ते खऱ्यासारखं निघालं. दूध तसंच काउंटरवर राहिलं आणि ती घराकडे निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

फोन होता, खोटं तेवढं नव्हतं. छोट्याची मुलगी, म्हणजे ताईची भाची, परगावी नोकरीला आहे. मागच्या खेपेला आली तेव्हा तिने आपला जुना स्मार्टफोन आत्याला दिला, आत्याचं सिम त्यात घातलं, फोटो येतात ते अ‍ॅपही टाकून ठेवलं. फोन लागत होता, बोलणं होत होतं. इंटरनेटचं मात्र घोडं अडलं होतं, कारण फोन भाचीच्या तिकडच्या कंपनीचा आणि सिम इथलं. "बाबा लावून देतील," असं म्हणून भाची गेली. आणि बाबा रोज म्हणायचे, उद्या बघू. ते 'उद्या' का उगवत नव्हतं, हे ताईला आज कळलं.

छोट्या ओट्यावर पेपर वाचत बसला होता.

"छोट्या, मी काम कधी सोडलं रे?"

त्याने पेपर खाली केला. तिचा चेहरा बघितला आणि पेपराची घडी घातली. "अगं, डॉक्टर म्हणाले होते..."

"महिनाभर म्हणाले होते. तो महिना जाऊन किती दिवस झाले? तपासणीत डोळे ठणठणीत निघाले. तूच होतास बरोबर."

"सोपं काम आणतोच आहे की मी. ते बारीक काम करून डोळ्यांचं काही झालं तर? तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला विचारून करायचं. हात माझे आहेत. त्यांनी होणार नाही हे म्हणायचं असेल तर मी म्हणेन. तू परस्पर म्हणत बसलास, आणि मी इथे चेनी बसवत धंदा मंदावला म्हणून झुरत होते."

छोट्याने पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बरं, चुकलं. आण तो फोन, आत्ता लावून देतो."

"हात लावायचा नाही."

"मग आमचं वायफाय घे. लगेच चालू होईल."

"तुझ्या जिन्यापर्यंत पोचणारं इंटरनेट मला नको. मी बाजारात असेन, बसमध्ये असेन, तिथे माझं मला उत्तर देता आलं पाहिजे. आणि हे मी लावणार. मी एकटी."

"तू लावणार," छोट्या म्हणाला आणि त्याच्याने राहवलं नाही. "काज बुजवणारी."

ताईने दार लावून घेतलं.

तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. सेटिंग्जमध्ये जा, मोबाइल नेटवर्कमध्ये जा, तिथे 'अ‍ॅक्सेस पॉइंटची नावे' असं दिसेल, त्यात अधिकचं चिन्ह दाबून नवीन तयार करा. काय लिहायचं ते मेसेजने पाठवते. मेसेज आला. जेमतेम दोन ओळी: नाव अमुक, एपीएन तमुक. ताईने फोन दिव्याखाली धरला, कापड धरते तसाच, आणि पायरी पायरीने तिथवर पोचली.

पडदा उघडला. वरती नाव आणि एपीएन होतंच, पण खाली रकान्यांची रांगच रांग. प्रॉक्सी, पोर्ट, वापरकर्तानाव, पासवर्ड, सर्व्हर, आणखी काय काय. प्रत्येकाखाली लिहिलेलं, 'सेट केलेले नाही.' आता मला सांगा, जिने उभा जन्म भोकं बुजवण्यात घातला, ती बाई रिकामे रकाने बघून गप्प बसेल? तिने पहिल्या दोन ओळी मेसेजमधून अक्षर न् अक्षर उतरवल्या आणि मग उरलेल्यांच्या मागे लागली. वापरकर्तानाव म्हणजे आपलं नाव. पासवर्ड म्हणजे फोन उघडायचे आकडे. पोर्टमध्ये घराचा नंबर टाकला. सर्व्हरला लाँड्रीचं नाव दिलं, कामं तिथूनच तर येतात. प्रॉक्सीपाशी ती थबकली. वर्गात दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणतात त्याला प्रॉक्सी म्हणतात, एवढं तिला ठाऊक होतं. तिने दात-ओठ खाऊन तिथे छोट्याचं नाव टाकलं. सगळं गच्च भरलं, एक जागा मोकळी सोडली नाही. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून सेव्ह केलं, यादीत त्या नव्या नावापुढचा गोल निवडला, मोबाइल डेटा चालू केला.

काही नाही. अ‍ॅप उघडलं तर ते नुसतं गोल गोल फिरत बसलं.

तिने फोन बंद करून चालू केला. सिम काढून, पुसून परत बसवलं. खिडकीत गेली, ओट्यावर गेली, परत आली. वरून छोट्याची हाक आली, "लागलं का गं?"

"लागतंय," ती ओरडली.

लागत नव्हतं. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं होतं. ताई खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच घाबरली. छोट्याचं खरं असलं तर? डोळे आहेत, पण डोकं आता पोचत नसेल तर? तिकडे कोणाच्या तरी बापाच्या कोटाला कात्री लागणार होती आणि ती इथे एका पडद्याशी झगडत बसली होती. एक हाक मारायचा अवकाश, छोट्या धावत आला असता. पण मग हा फोनही त्याचाच झाला असता आणि पुढचं प्रत्येक 'होणार नाही'सुद्धा. ती हाक मारणार नव्हती. उशीचा अभ्रा झाला तरी नाही.

गारवा सुटला होता. तिने खुंटीवरचा लोकरीचा स्वेटर काढून अंगात चढवला आणि डोकं दुसरीकडेच ठेवून बटणं लावायला लागली. पहिलं बटण काजातून आरपार गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर तिची बोटं थांबली.

ती काजाकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "अगं मूर्ख बाई."

फोन पुन्हा दिव्याखाली आला. कंपनीने दोन ओळी पाठवल्या होत्या. बाकीचं मोकळंच ठेवायचं होतं, म्हणून तर पाठवलं नव्हतं. ती भोकं नव्हती, काजं होती. ताई चुकलेली वीण उसवते तशी एकेक रकाना उसवत गेली. लाँड्री गेली, घराचा नंबर गेला, आकडे गेले, स्वतःचं नाव गेलं. प्रॉक्सीतलं छोट्याचं नाव तिने सगळ्यांत शेवटी पुसलं, एकेक अक्षर मागे घेत, चवीने. पुन्हा सेव्ह, पुन्हा गोल. नेटवर्कच्या दांड्यांच्या शेजारी तिने कधी न बघितलेलं 4G उमटलं.

अ‍ॅपने तिचा नंबर विचारला आणि तिला आत घेतलं. ताईने मालकाला फोन करून सांगितलं, "घ्या मला ग्रुपवर." काही वेळाने फोन टिंग वाजला आणि कोट समोर आला. करड्या लोकरीचा, तिरप्या विणीचा, छातीवर चार भोकं.

ताईने बोटाने फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं: "उलट्या बाजूचा फोटो पाठवा. आतल्या शिवणीला कापड किती ठेवलंय ते दिसू दे."

फोटो आला. शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड होतं. जुन्या शिंप्याचा हात. ताईने लिहिलं, "होईल."

मालकाने लगेच विचारलं, "बाई इथेच आहेत. नक्की ना, म्हणतात."

लिहीत बसायचा तिला कंटाळा आला. तिने माइकचं चिन्ह दाबून धरलं आणि बोलली. "त्यांना म्हणावं, झाल्यावर शोधून दाखवा. आणि ग्रुपवर सगळ्यांना सांगते, मी रफूवाली बोलतेय. मी काम सोडलेलं नाही. सोडेन तेव्हा मीच सांगेन. दुसऱ्या कोणी सांगितलं तर खरं धरू नका." आणि बोट उचललं.

वरच्या मजल्यावर छोट्याच्या फोनवर तोच आवाज पुन्हा वाजला, जिन्यातून तिला स्वतःलाच ऐकू आला. मग पावलं खाली आली आणि दार ढकललं गेलं.

छोट्या उंबऱ्यातच उभा राहिला. "लावलंस तर," तो म्हणाला.

"लावलं."

"मी मग ग्रुपमधून बाहेर पडू?"

"पड."

त्याने तिच्यासमोरच फोनवर बोट फिरवलं आणि फोन खिशात टाकला. तरी जाईना. हाताची घडी घातली, सोडली, मग डावं कोपर थोडं पुढे केलं. स्वेटरला तिथे चांगलं रुपयाएवढं भोक होतं.

"ताई, हे बघतेस का जरा? हिने आठवडाभर सांगून ठेवलंय."

ताईने मान वर केली नाही. उसवलेली शिवण परत घालायला लागेल ते करड्या रंगाचं रीळ ती शोधत होती, कोट यायच्या आधी दोरा जुळवून ठेवलेला बरा.

"फोटो पाठव," ती म्हणाली. "उलट्या बाजूचा."