नानांचे मागचे स्पीकर

"मांगून घंटी येवाले पाह्यजे. त्याबिगर गाडी हालत नही."

आमच्या शेजारचे नाना हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणत, कोण जाणे. सगळी नोकरी त्यांनी एसटीचं स्टीअरिंग धरून काढली. आधी शिरपूर, मग धुळं, शेवटी जळगाव. ड्रायव्हर पुढे बघतो, पण गाडी निघते ती मागून कंडक्टरने घंटी दिल्यावर. त्यामुळे मागचं ऐकू येणं ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, ती शिस्त होती. दिलेल्या चहात साखर नसली तरी ते म्हणत, "घंटी नही वाजनी माय." मी साखर आणून द्यायची.

निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. बायको त्याआधीच गेलेली. मुलगा पुण्यात. आता असा माणूस म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे एक केविलवाणं चित्र उभं राहिलं असेल. ते पुसून टाका. नाना स्वतःचा भात स्वतः लावत आणि पातेल्याच्या आवाजावरून पाणी आटलं की नाही ते सांगत. माझ्या चपलेच्या आवाजावरून मी कामावरून वैतागून आले आहे, हे त्यांना फाटकातच कळे. भाजीवालीने तराजूत मेथीची जुडी जरा जोरात आपटली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. घर त्यांना पाठ होतं आणि बाकीचं जग कानाने कळत होतं.

पिक्चरही ते कानानेच पाहत. "पाहत" हेच बरोबर, "ऐकत" म्हटलेलं त्यांना चालत नसे. डोळे शाबूत असताना हौसेने घेतलेला पाच स्पीकरचा संच त्यांच्याकडे होता. तीन टीव्हीजवळ, दोन खुर्चीच्या मागे भिंतीवर. व्हिलन मागच्या दाराने आला की नाना मान वळवत. घोडे डावीकडून उजवीकडे गेले की त्यांची हनुवटी घोड्यांबरोबर जाई. आणि पिक्चर चालू असला की कूलर बंद! वैशाखात, जळगावात! भिंतीला हात लावला तर चटका बसतो अशा दुपारी आम्ही त्या खोलीत घामाने निथळत बसायचो. एकदा त्यांच्या एका नातेवाइकाने दयेपोटी कानाशी लागून सांगायला सुरुवात केली, "नाना, आता ती रडते आहे बरं का." नाना म्हणाले, "ती रडस ते माले ऐकू येस. तू बोलस म्हनीसन येत नही."

तर झालं असं, की त्यांचा जुना डिशचा डबा बिघडला. मुलाने पुण्याहून सांगून नवा बसवून दिला. त्यात चॅनेलही दिसत आणि नवे पिक्चर दाखवणारी ॲपही चालत. चॅनेलवर ऐन मारामारीत साबणाची जाहिरात येते म्हणून नाना चिडत, त्यामुळे ॲप ही त्यांना पर्वणी वाटली. पहिल्याच पिक्चरला त्यांनी मला हाक मारली.

"माय, मांगला दोन्ही स्पीकर मरी गयात."

मी ऐकलं. पुढून दणदणीत आवाज येत होता. मागचं काही मला कळेना, माझे कान तसे कामचलाऊच.

डबा बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने आल्याआल्या क्रिकेटचं चॅनेल लावलं. मागच्या स्पीकरमधून प्रेक्षकांचा गोंगाट उसळला. "नाना, आवाज तर येऊन राहिला ना!" असं म्हणून तो निघाला. नानांनी त्याला बसवून ठेवलं. उंदराने वायर कुरतडली आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी भिंतीवरची सगळी पट्टी उचकटायला लावली. वायर धडधाकट निघाली. तो गेल्यावर ॲप लावलं, तर मागे पुन्हा सामसूम. दुसऱ्यांदा बोलावलं, दुसऱ्यांदा त्याने चॅनेल लावून दाखवलं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर मात्र आधीच सांगून गेला होता, की नानांना कधी ऐकू येतं, कधी येत नाही.

मग काय विचारता! कॉलनीला तेवढंच हवं होतं. डोळे गेले, आता कान चालले. दुधवाला नानांशी ओरडून बोलायला लागला. समोरच्या काकू खुणा करायला लागल्या. आंधळ्या माणसाला खुणा! नाना फाटकात उभे राहून म्हणत, "मना डोया गयात, कान नही गयात." पण जो जितका ठासून सांगतो, तितकी लोकांची उलटी खात्री पटत जाते. त्या दिवसांत मला सगळ्या कॉलनीचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. काकूंशी माझं बोलणं बंद झालं ते तेव्हापासून.

बातमी पुण्याला पोचली आणि मुलगा आला. मुलगा वाईट नव्हे. बापावर जीव होता, म्हणूनच घाबरला होता. दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, असा माणूस गॅसजवळ एकटा कसा ठेवायचा? त्याने बॅग काढली आणि नानांचे कपडे भरायला घेतले.

"मी पुण्याले येत नही," नाना म्हणाले.

"नाना, हट्ट करू नका. तिथं सगळं हाताशी मिळेल तुम्हाला."

"तठे भिंत कोठे शे ते बी माले माहीत नही. आठे मी मालक शे. तठे मी सामान शे."

मुलगा कपडे भरत राहिला. नानांनी मला हाक मारून ॲपवरचा एक पिक्चर लावायला सांगितला. आवाज मोठा केला. मग ते उठले, भिंतीला हात लावत मागच्या स्पीकरपाशी गेले आणि मुलाला म्हणाले, "आठे हात ठेव."

मुलाने जाळीवर तळवा ठेवला.

"काही धकधक शे का?"

"नाही."

"आते माय, क्रिकेट लाव."

मी चॅनेल लावलं. मुलाने हात झटकन मागे घेतला, पुन्हा ठेवला. स्पीकर थरथरत होता. मी परत ॲप लावलं आणि तो निपचित पडला. मुलगा कितीतरी वेळ तसाच हात ठेवून उभा होता. मग नाना म्हणाले, "आते सांग, बहिरा कोन शे?"

त्या घरात बाप जिंकला आणि मुलाच्या तोंडावर सुटकेचा भाव दिसला, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण दुखणं सापडलं म्हणजे औषध सापडलं असं नाही. मुलाने हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी डबा बंद करून चालू करायला सांगितला. केला. पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा केला. शेवटी नानांनी फोन ठेवायला लावला आणि सूत्रं हातात घेतली. मी पडद्यावरचं एकेक वाचायचं, नानांनी रस्ता सांगायचा, मुलाने रिमोट दाबायचा. "पुढली पाटी कोनती? भाषा? तठे जाऊ नको." मुलगा गेलाच. हिरो तमिळ बोलायला लागला. त्याला मराठी मुलखात परत आणताना आम्ही घामाघूम झालो, कारण कूलर अर्थातच बंद होता.

मग कळलं, की चॅनेलच्या आवाजाचं सेटिंग वेगळं आणि ॲपच्या आवाजाचं वेगळं. दुसरं कुठेतरी आत, तीन दारांमागे लपलेलं. तिथे 'स्टिरिओ' लिहिलं होतं, म्हणजे दोनच स्पीकर. आम्ही ते बदलून 'ऑटो' केलं. सगळेच स्पीकर मुके झाले! नानांचा जुना संच त्या नव्या पद्धतीचा आवाज ओळखतच नव्हता. मुलाचा धीर सुटला. "राहू दे ना नाना, निदान पुढचा तरी आवाज येत होता."

"अर्धा पिक्चर मी काबर देखू?" नाना म्हणाले. "खाले अजून पाटी शे का, वाच."

खाली आणखी एक पर्याय होता, जुन्या पद्धतीच्या सराउंडचा. तो निवडला. पिक्चरमध्ये आमच्या पाठीमागे कुणीतरी दाराची कडी काढली आणि मी खरंच मागे वळून पाहिलं. नाना आधीच वळले होते. मुलगा मात्र पडद्याकडे बघत नव्हता, वळलेल्या बापाकडे बघत होता. थोड्या वेळाने तो आत गेला आणि बॅगेतले कपडे कपाटात लावून आला.

दुसऱ्या दिवशी डबा बसवणाऱ्याला बोलावून खुलासा विचारला. तो ओशाळून म्हणाला, "नाना, उन्हाळ्यात बठ्ठ्या घरांत कूलर चालतो. त्या घरघरीत डायलॉग ऐकू येत नाहीत, लोक मलाच शिव्या घालतात. म्हणून ॲपचा सगळा आवाज मी पुढच्या दोन स्पीकरवर आणून देतो. सवयच पडली."

"माले इचारं का तू?" नानांनी विचारलं. एवढंच. मग त्याला चहा पाजला आणि पानटपरीवर जाऊन आपलं म्हणणं परत घेऊन यायला सांगितलं. तो गेलाही. दुधवाल्याचं ओरडणं थांबलं.

त्यानंतर नाना आपल्या घरात, आपल्या भिंतींमध्ये आणखी बरेच उन्हाळे मालकासारखे राहिले. कॉलनीच्या कार्यक्रमात त्यांना कुणी हाताला धरून पहिल्या रांगेत नेलं, की हात सोडवून ते मधल्या रांगेत जाऊन बसत. पुढे बसलं की मागचं कळत नाही, म्हणत. गेल्या थंडीत एका सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले होते, ते तसेच गेले. मला फार आठवण येते त्यांची. 'चालतंय ना, मग झालं' असं कुणी म्हणालं की जास्तच येते.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. मुलगा खाली चटईवर बसला होता. शिरपूरहून त्याचे मामा आले, डोळ्यांना पंचा लावून म्हणाले, "अरे, आंधळा मानूस. एकटाच ऱ्हायना शेवटलोंग. बिचारा!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगाच बोलला.

"एकटे होते, मामा. बिचारे नव्हते."