फॅमिली कुठाय?

आमच्या मेव्हण्याइतका लाजलज्जा कोळून प्यालेला माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच तर लांबूनच नमस्कार करा, घरात घेऊ नका. मी घेतला, अठ्ठेचाळीस वर्षं घेतला, म्हणून अनुभवाचं सांगतो. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आता साठीला आला. लग्न केलं नाही. का केलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणतो, "मुलगी बघायला निघालो त्या दिवशी क्लचची वायर तुटली, मग ते राहिलंच." जन्मभर त्याने पूर्णगडच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवला, आणि त्या टेम्पोशी जेवढ्या आदराने बोलला तेवढ्या आदराने माणसाशी कधी बोलला नाही. तलाठी असो, डॉक्टर असो, सगळ्यांना अरे-तुरे. यंत्राला मात्र अहो-जाहो. एकदा हातखंब्याच्या तिठ्यावर भर दुपारी, तिन्ही बाजूंनी गाड्या तटलेल्या असताना टेम्पो बंद पडला. दुसरा कोणी असता तर त्याने बॉनेट उघडलं असतं. हा खाली उतरला, टेम्पोपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, घरचं भांडण घरी. इथं लोकं बगतायत." पोलीस शिट्टी तोंडात धरून बघतच राहिला. टेम्पो चालू झाला. कसा झाला ते मला विचारू नका, मी तोंडावर पंचा घेऊन बसलो होतो. बायको मात्र हसून हसून डोळे पुसत होती. भावाचं सगळंच तिला गोड. तो तिला 'बाय' म्हणायचा.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला माणसं पांगली आणि हा एकटा ओटीवर बसून राहिला. ह्याचं तोंड म्हणजे तिचं तोंड. तेच बसकं नाक, बोलताना डावी भुवई वर न्यायची तीच खोड. मला ते तोंड बघवेना. मी उठलो आणि म्हणालो, "तुझी बहीण होती तोवर तुझं येणं होतं. आता ती नाय. तू आमचा कोण नाय, आम्ही तुझं कोण नाय. मोकळा झालास." असं बोललो. चिरेखाणीत जन्म गेला माझा, हातात पहार आणि तोंडातही पहारच. त्याने उठून चपला घातल्या, त्याही उलट्या, आणि गेला. आठ महिने आला नाही. हा माणूस आठ महिने गप्प राहू शकतो ह्याचा मला धक्काच बसला. रोज वाटायचं, आपण जाऊन बोलवावं. पण बोलवायला जाईन तर मी कसला?

शिमगा झाला आणि एका सकाळी अंगणाबाहेर हॉर्न वाजला. बघतो तर मासळीच्या टेम्पोला नव्या खिडक्या फुटलेल्या. बाजूला रंगाने लिहिलेलं, 'फिरतं बिऱ्हाड'. जुना माल वापरणं हा ह्याचा धर्मच आहे. खिडकी कुठल्याशा मोडलेल्या शाळेची होती, तिच्या फळीवर 'इयत्ता तिसरी ब' तसंच ठेवलेलं. पलंग दवाखान्यातला, एका बाजूने आपोआप वर होणारा, म्हणजे झोपलेला माणूस पहाटे न सांगता उठून बसतो. ह्या सगळ्यात तीस वर्षांचा बांगडा मुरलेला. मी आत डोकावलो आणि बोट दाखवून विचारलं,

"हे काय?"

"संडास."

"आणि हे?"

"शेगडी."

"मध्ये काय हाय?"

"मध्ये भावोजी, पडदा येणार हाय."

मग म्हणाला, "चला. घाटावर जायचंय. वर ते सरकारी जंगल हाय ना, वाघबिघ ठेवलेलं, त्याच्या बाजूला जागा केलीय. बिऱ्हाडाच्या गाड्या लावायच्या नि पोराबाळांसकट राहायचं. लोकं पैसे देऊन गाडीत झोपतात."

"घर असून?"

"चांगली बंगलेवाली."

मी कपाळावर हात मारला. खाणीवर असताना आम्ही ट्रकखाली झोपायचो, त्याला गरिबी म्हणायचे. पण गेलो. का गेलो ते सांगतो. तेराव्याच्या बोलण्याबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही म्हणून गेलो. म्हटलं वाटेत काढील, चार शिव्या घालील, मग आपल्यालाही काही बोलता येईल. आंबा घाट चढून वर आलो तरी काढलं नाही. टेम्पोशीच बोलत होता. "अहो, वळण हाय, जपून."

फाटकावर मोठी पाटी होती, 'फॅमिली कॅम्प'. खाली एक बाई वही घेऊन बसलेली. तिने टेम्पोत वाकून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, "फॅमिली कुठाय?"

आता आमच्याकडे फॅमिली म्हणजे बायको. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात ते असंच विचारतात, फॅमिली बरी आहे ना. मी काय समजणार? मी सांगितलं, "वारली."

बाईने पेन खाली ठेवलं. "कोण वारलं?"

"फॅमिली. वर्ष होईल आता."

"अरे देवा! सगळी?"

"सगळी म्हणजे? एकच होती."

ती बाई माझ्याकडे आणि मी तिच्याकडे, दोघंही हादरून बघत राहिलो. मेव्हण्याने मध्ये पडून उलगडा केला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग समजुतीच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, नुसत्या पुरुषांना आम्ही जागा देत नाही. लोक पिऊन दंगा करतात. फॅमिली म्हणजे घरची माणसं. हे तुमच्या घरचे आहेत का?"

साधा प्रश्न. हो म्हणायला काय लागतं? पण तेराव्याला ह्याच जिभेने काय बोललो ते आठवलं आणि मी पाटीच परत वाचायला लागलो. मागे गाड्या हॉर्न मारत होत्या. मेव्हणा स्टेअरिंगवरची न दिसणारी धूळ पुसत होता. वाट बघत होता, हे मला कळलं. शेवटी तोच उतरला. "अगं बाये, ह्यांच्या लग्नात चारशे माणसांदेखत कान पिळलाय मी ह्यांचा. नवरीचा भाऊ म्हणून मान होता माझा. अकरा वर्षांचा होतो, सोडीचना, शेवटी भटजीने सोडवला. हा बघ कान, अजून वाकडा हाय. ह्याहून काय पुरावा पायजे तुला?" बाई हसली आणि तिने सात नंबरची जागा लिहून दिली. मी कान पुढे केला होता, पण तोंड उघडलं नव्हतं. ते त्याच्या लक्षात राहिलं, कारण सात नंबरला पोचेपर्यंत तो टेम्पोशीसुद्धा बोलला नाही.

आतला प्रकार बघून मी दगडावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. खोलीएवढ्या पांढऱ्या गाड्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीला विजेचा खांब आणि एक नळ. बापे भांडी घासत होते आणि बाया खुर्चीत पाय पसरून समोरचा डोंगर बघत होत्या. एक आजी अर्ध्या चड्डीत सायकल चालवत गेली आणि मला "गुड मॉर्निंग" म्हणाली, दुपारचे दोन वाजले असताना. पलीकडे सासू-सुना बॅडमिंटन खेळत होत्या आणि सून मुद्दाम हरत नव्हती! हे बघायला माझी बायको हवी होती. तिने ह्या आजीला थांबवून सायकल कुठे शिकलीस ते विचारलं असतं.

मेव्हण्याला ह्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एकच दिसत होतं, की सात नंबरला गडगा नाही. कोकणातला माणूस, दगडाची हद्द घातल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. तासाभरात त्याने माळावरचे दगड वेचून तिन्ही बाजूंनी वीतभर उंचीचा गडगा रचला. मी म्हटलं, "मेल्या, दोन दिवसांची जागा ही." तर म्हणतो, "भावोजी, दिवस दोन असोत नि पिढ्या दोन असोत, हद्द ती हद्द."

आता पुणेकर असता तर त्याने फोटो काढला असता. पण आठ नंबरचा निघाला मूळचा केळशीचा, आमच्यासारखाच कोकणातला. ठाण्यात राहून केस पिकले तरी डोळा केळशीचाच. गाडीतून उतरला, गडगा बघितला आणि एका क्षणात ओरडला, "हा माझ्या जागेत वीतभर आलाय!" आणि गाडीतून टेप काढला. सुट्टीला येताना मोजायचा टेप घेऊन येणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

"मोज, मोज. नळापासून धर," मेव्हणा म्हणाला.

"नळ कशाला? खांबापासून धरा."

"खांब काल रोवलाय, नळ जुना हाय."

"तुम्हाला काय माहीत कुठला जुना?"

"त्याच्या गंजावरून कळतं. यंत्रांतला माणूस हाय मी."

बघता बघता गर्दी जमली. पुण्याची पोरं ताटं हातात घेऊन बघायला आली. एका बाईला वाटलं हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. मी कांदा चिरत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्या माणसाला मी ओळखत नाही असं सांगावं. तेवढ्यात केळशीवाला तापला आणि म्हणाला, "ना बायको, ना पोर. फॅमिलीच्या जागेत एकटा माणूस घुसलाच कसा?"

मेव्हण्याला हजार उत्तरं येतात. मंत्र्याला उलटं बोललेला माणूस आहे तो. पण ह्यावर त्याची डावी भुवई वर गेली ती खाली येईना. मी कधी उठलो मला कळलं नाही, सुरी हातातच होती, त्यामुळे गर्दी दोन पावलं मागे सरली. मी म्हणालो, "एकटा कोणाला म्हणतोस रे? माझ्या घरचा माणूस हाय तो. मी जिता हाय तोवर हा एकटा नाय. नि ती वीतभर जागा आमचीच हाय!"

शेवटचं वाक्य खोटं होतं. गडगा वीतभर त्याच्यातच गेला होता, कांदा चिरतानाही मला दिसत होतं. मेव्हणा खाली बसला आणि एक एक दगड उचलून स्वतःच मागे घेतला. मग आत जाऊन तांदूळ धुवायला लागला. सात वेळा धुतले. माझ्याकडे पाठ करून.

दुसऱ्या सकाळी मिश्री लावायला दार उघडलं आणि बाहेर काळा डोंगर उभा. डोंगराला शिंगं होती. सगळ्या बिऱ्हाडांनी आदल्या दिवशी पैसे भरून जीपने अख्खं जंगल पालथं घातलं होतं आणि त्यांना एक रानकोंबडी दिसली होती. इकडे गवा आमच्या टेम्पोची मागची फळी चाटत होता. मासळीच्या बर्फात मीठ घालतात, तीस वर्षं ते खारं पाणी फळीत मुरलेलं. पॉलिश पेपर घासल्यासारखा त्या जिभेचा आवाज येत होता. मी मिश्री गिळली. एवढ्यात केळशीवाला टॉवेलवर बादली घेऊन नळाला आला, वळला, आणि गव्याला बघून बादली टाकून गडग्यावरून उडी मारून आमच्या टेम्पोत. बसायला जागा एकच होती, पडदा अजून यायचा होता तिथे. झाकणावर बसून त्याने टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मेव्हण्याने 'इयत्ता तिसरी ब'मधून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "अहो, झालं का चाटून? झालं असंल तर निघा. पावण्यांना घरी जायचंय." गव्याने एक फुसकारा टाकला आणि सावकाश गेला. केळशीवाल्याने तिथेच बसून दोन कप चहा घेतला आणि म्हणाला, "ती वीतभर जागा तुम्हीच ठेवा."

"आम्ही आज निघतोय," मी म्हटलं.

"तरी ठेवा."

उतरताना अर्ध्या घाटात, कालच्या भांडणानंतर मेव्हणा पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "भावोजी, काल त्या केळशीवाल्याला काय बोललात?"

"काय बोललो?"

"तांच ओ. परत एकदा बोला."

"पुढं बघून चालव."

"बरं," म्हणाला, आणि खाली साखरप्याला पोचेपर्यंत शीळ घालत होता. बेसूर. बहिणीचीही शीळ अशीच बेसूर होती. बायकांनी शीळ घालू नये म्हणून मी तिला ओरडायचो. आता वाटतं, कशाला ओरडलो.

परवा दुपारी फोन वाजला. तिचाच फोन मी वापरतो. उचलला तर पलीकडून घाईघाईत, "भावोजी, बायला द्या जरा..." आणि मग तो थांबला. पूर्वीचा मी असतो तर ताडकन म्हणालो असतो, कुठून देऊ? पण म्हटलं, "मला सांग. तिला काय सांगायचं होतं तां मला सांग."

मागे बंदरावरचा गलका चालू होता.

"काय नाय ओ. जेवलो म्हणून सांगायचं होतं."

म्हणजे दोघं भावंडं रोज दुपारी एवढंच बोलायची. मी त्याच घरात, चार हातांवर पडलेला असायचो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि विचारलं, "काय जेवलास?"