शिडीसरांना आणखी एक वर्ष

शिडीसर मुळात बास्केटबॉलचे नव्हतेच. ते कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागले होते. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला सगळ्यांना शिडी लागायची, त्यांना लागायची नाही. म्हणून मुलांनी त्यांनाच शिडी करून टाकलं. एके वर्षी मुलींच्या संघाच्या प्रशिक्षकांचा पाय मोडला, आणि तेव्हाच्या प्राचार्यांनी त्यांची उंची बघून सांगितलं, चार दिवस तुम्ही सांभाळा. त्यांनी तोवर चेंडूला हातही लावला नव्हता. त्या रात्री त्यांनी ग्रंथालयातूनच एक नियमांचं पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर हजर झाले. ते चार दिवस काही संपले नाहीत. पाय बरा झाल्यावर जुने प्रशिक्षक परत आले, तोवर शिडीसरांनी दोन सामने जिंकून दिले होते.

त्यांचे हुकूम विचित्र असायचे. एकदा म्हणे अख्खा अर्धा सामना डाव्या हाताने पास द्यायला लावले. समोरच्या मुली इतक्या गोंधळल्या की एकमेकींच्याच अंगावर आदळल्या. एकदा ऐन भरात आलेल्या प्रतिस्पर्ध्यांची लय तोडायला कप्तानाला बुटाची नाडी बांधायला बसवलं, आणि ती बांधेपर्यंत त्यांचा जोर ओसरला. कॉलेजच्या काचेच्या कपाटात चषकांना जागा पुरेना, तेव्हा काही चषक कार्यालयात पेनं ठेवायला वापरले जाऊ लागले. नव्या मुलींना जुन्या मुली पहिल्याच दिवशी बजावायच्या, सर सांगतील ते करायचं, कारण नंतर कळतं.

हे सगळं एका मुलीच्या आईला तोंडपाठ होतं, आणि त्याचा तिला वैताग होता. तिची मुलगी दोन वर्षं संघात होती आणि दोन वर्षं बाकावर होती. तेही बाकाच्या टोकाला नाही, सरांच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून. प्रत्येक सामन्याला आई विमा कार्यालयातून लवकर निघायची, प्रेक्षकांत बसायची आणि मुलगी सरांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटते आहे एवढंच बघून घरी यायची. नवरा म्हणायचा, अगं, तिला निदान समोरची जागा मिळते, आपल्याला पैसे देऊन मागची. आईला हसू यायचं नाही. पोरगी रोज पहाटे उठून सराव करते, तिचे गुडघे सोलले जातात, आणि हिला खेळायचं भाग्य नाही. तिचं काही बिनसलंय का, सरांना ती आवडत नाही का, मनाला लावून घेऊन अभ्यास तर सोडणार नाही ना, अशी काळजीची यादी आईच्या डोक्यात कायम तयार असे.

गेली तीन वर्षं संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच नव्हता. यंदा निदान उपांत्य सामना तरी गाठला होता. त्या सामन्याआधी आईने सरांना जिन्यातच गाठलं. विम्याच्या दाव्यांच्या विभागात काम करून तिला गोड बोलून टोचायची सवय होती. ती म्हणाली, "सर, माझ्या मुलीला तुम्ही खेळायला घेतलंय की सोबतीला?"

सर कानापर्यंत लाल झाले. बघतो, म्हणाले.

आणि त्यांनी खरंच बघितलं. शेवटच्या भागात एका खेळाडूचे पाच फाउल भरून ती बाद झाली आणि सरांनी आईच्या मुलीला आत पाठवलं. आई खुर्चीवर उभीच राहिली. मागच्या गृहस्थांनी बसा बसा म्हटलं, तिच्या कानावर ते गेलंच नाही. मुलगी बरी खेळत होती. निदान पडली नव्हती. वीस सेकंद उरले, आपला संघ एका गुणाने मागे, चेंडू आपल्याकडे. एक बास्केट झाली की सामना आपला. आणि तेवढ्यात शिडीसर रेषेपाशी उभे राहून दोन्ही हात खाली दाबत ओरडले, "चेंडू राखा! राखा!"

पुढे असताना वेळ काढायला द्यायचा हुकूम त्यांनी मागे असताना दिला होता. कप्तानाने एकदा वर फलकाकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि चेंडू छातीशी धरला. मग या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात, चौघी जणी अतिशय शिस्तीत वेळ काढत राहिल्या. आईची मुलगी पलीकडच्या टोकाला हात हलवत काहीतरी ओरडत होती, पण त्या गोंगाटात तिचं कोण ऐकणार. भोंगा वाजला. सामना एका गुणाने गेला.

कॉलेजभर त्याची थट्टा झाली. कुणी रस्त्यात चालता चालता हात खाली दाबून म्हणायचं, राखा, राखा. सर निवृत्तीचं वय उलटल्यावर दर वर्षी मुदतवाढ मिळवत होते, तेव्हा ही मुदतवाढ आता द्यायची की नाही हे ठरवायला तिघांची समिती बसली: प्राचार्या, क्रीडाप्रमुख आणि पालकांतर्फे एक जण. पालकांतर्फे कोण, तर ही आईच. गेल्या वर्षी पालकसभेत सगळ्यांत जास्त प्रश्न तिने विचारले होते, त्याची ही शिक्षा.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने मुलीला सांगून टाकलं की ती सरांच्या विरोधात मत देणार आहे. माणूस चांगला आहे, पण आता डोकं चालत नाही. मुलीने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"डोकं चालतं त्यांचं. डोळे चालत नाहीत."

मग सगळं बाहेर आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुली कुठे धावताहेत ते सरांना कळायचं, चालीवरून ते प्रत्येकीला ओळखायचे, पण फलकावरचे लाल दिवे त्यांना नुसते पसरलेले डाग दिसायचे. गुण किती, वेळ किती, हे शेजारी बसलेली मुलगी कानात सांगायची. तिनेच दोन वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं, आणि कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं.

"तू मला आत पाठवायला लावलंस," मुलगी म्हणाली. "मग त्यांना गुण कोण सांगणार होतं? त्यांना वाटलं आपणच पुढे आहोत."

म्हणजे दोन वर्षं आई ज्याला अपमान समजत होती ते काम होतं, आणि संघाचा सामना तिच्या जिन्यातल्या एका वाक्याने घालवला होता. शिवाय मुलीने आता तिलाही गप्प राहायला सांगितलं. सांगितलं तर सर गेले, कारण डोळे अधू. नाही सांगितलं तरी सर गेले, कारण डोकं अधू.

बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. क्रीडाप्रमुख तरुण होते आणि त्यांनी तीन वर्षांचे आलेख रंगीत काढून आणले होते. सगळे खाली चालले होते. प्राचार्यांना भांडण नको होतं. छान निरोप समारंभ करू, एखादं घड्याळ देऊ, असा त्यांचा सूर होता. मग सरांना आत बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. त्या वीस सेकंदांचं काय, असं क्रीडाप्रमुखांनी विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "चूक माझी. मुलींची नाही."

एवढा उंच माणूस कारण न सांगता निरोपाचं घड्याळ घेऊन निघून जाणार, हे आईला स्पष्ट दिसत होतं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

सरांनी तिच्या आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि सांगितलं. क्रीडाप्रमुखांनी आलेख मिटले आणि विचारलं की ऑपरेशन तर एका दिवसात होतं, मग करून का घेतलं नाही. सरांचं उत्तर तयार होतं. "रजा घ्यावी लागली असती. माझ्या जागी चार दिवसांसाठी कोणीतरी आलं असतं. चार दिवस म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे."

प्राचार्यांना हसू आवरलं नाही. वातावरण जरा सैल झालं आणि आईला वाटलं, आता आपण चार गोड शब्द बोलून सुटावं. पण रात्रभर तिला दुसरंच काहीतरी डाचत होतं. तिने आधी जिन्यातलं आपलं वाक्य सांगितलं, लपवलं नाही. मग ती म्हणाली की डोळ्यांचं काही वाटत नाही, डोळे दुरुस्त होतात.

"पण सर, कोर्टावरच्या पाच जणींना फलक दिसत होता. माझी एकटी ओरडली, कारण तिला तुमचं गुपित ठाऊक होतं. बाकीच्या चौघींनी चेंडू राखला. मागे असताना. सरांच्या मनात काहीतरी असेल म्हणून. हे त्यांना कोणी शिकवलं?"

सर मांडीवरचे आपले लांब हात बघत बसले. मग म्हणाले, "कप्तान रडत होती नंतर. मी विचारलं, का नाही मारलास चेंडू? म्हणाली, वाटलं हा काहीतरी डाव आहे." आणि आईकडे वळून म्हणाले, "हे लागलं मला, ताई. डोळ्यांपेक्षा."

आईने त्यांना आणखी एक वर्ष द्यावं असं मत दिलं. प्राचार्यांनीही दिलं, ऑपरेशन आधी या अटीवर. क्रीडाप्रमुख म्हणाले, दोनास एक, ठीक आहे, पण आलेख मी चालू ठेवणार. दुसरी अट सरांनी स्वतःच घातली: यापुढे कुठलाही हुकूम पटला नाही तर मुलींनी 'का' म्हणून विचारायचं, सामना चालू असला तरी. क्रीडाप्रमुख पुटपुटले की मग सामना संपायला मध्यरात्र होईल.

ऑपरेशन झालं. नव्या हंगामाच्या पहिल्या सरावाला सर काळा चष्मा लावून आले, आणि दोन आठवड्यांनी चष्म्याशिवाय. मुलींचं म्हणणं, आता सर कुठलीच चूक सोडत नाहीत, आधीच बरं होतं. 'का' विचारणं सुरू झालं होतं, आणि पहिल्या दिवशी इतक्या जणींनी विचारलं की सरावच झाला नाही.

आई मुलीला न्यायला आली होती. सर रेषेपाशी उभे राहून मुलीची चेंडूफेक पाहत होते. आई जवळ गेल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगू का? हिचं कोपर बाहेर जातं. मला आजवर दिसलंच नव्हतं."

"म्हणजे यंदा...?"

"यंदा बाकावर. या वेळी खेळामुळे."

आई काही बोलणार, तोच मुलगी चेंडू काखेत मारून पुढे आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिने सरांसमोर उभं राहून विचारलं, "का?"

सरांनी क्षणभर आईकडे पाहिलं. मग मुलीचं कोपर धरलं, आत वळवलं, आणि समजावायला लागले. आई पायरीवर बसली आणि नवऱ्याला फोन लावून सांगितलं की जेवून घे, आम्हाला उशीर होईल.