तिसऱ्या, सिंक आणि आमचे व्याही

आमचे व्याही हार मानत नाहीत असं म्हटलं तर ते पुरतं खरं होणार नाही. हार नावाची काही चीज असते हे त्यांच्या कानावर आजवर कोणी घातलेलंच नाही. मुंबईत जे जे म्हणून बंद पडलेलं, गळणारं, कुरकुरणारं आहे ते सगळं आपलीच वाट बघत बसलंय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. विमा कंपनीतल्या एकाच खुर्चीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, आणि त्या खुर्चीचं तुटलेलं चाकही आपणच बसवलं होतं असं ते अभिमानाने सांगतात. "आणि त्यानंतर ती खुर्ची फक्त डावीकडे जायची," असं विहीणबाई शांतपणे पुढे जोडतात. व्याह्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही. जात होती ना? मग झालं तर!

आमच्या मुग्धाच्या साखरपुड्याला ही मंडळी दादरहून गिरगावात आमच्या घरी आली. ओटी भरायची वेळ झाली आणि मुलाचे वडील कुठे दिसेनात. ते सापडले आमच्या बाथरूममध्ये. रेशमी झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, खिशातून काढलेला छोटा स्क्रूड्रायव्हर दातांत, आणि पुढ्यात आमचा गळका नळ सुटा करून मांडलेला. "व्याही, वॉशर गेलाय," एवढंच म्हणाले. नातं जुळल्यावर ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नळ गळायचा थांबला हे मला मान्य केलंच पाहिजे. त्यातून पाणी यायचंही थांबलं, पण तो मुद्दा त्यांच्या लेखी वेगळा होता. पुढे कधीतरी आमच्या भिंतीवरचं घड्याळही त्यांनी दुरुस्त केलं. ते आता वेळ अचूक दाखवतं, फक्त ठोके मनाला येतील तेवढे देतं. मी वकिली केलेला माणूस. पुराव्यानिशी बोलायची सवय. पण व्याह्यांसमोर पुरावा ठेवला की ते त्याचीही दुरुस्ती करायला घेतात.

म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला आणि ते कुजबुजत बोलायला लागले तेव्हा मी आधी खुर्ची ओढून बसून घेतलं.

"व्याही, एकटे आहात?"

"बायको देवपूजेला बसलीय. काय झालं?"

"असाल तसे निघून या. मोठं काम आहे. वहिनींना काही सांगू नका. म्हणावं, शिवाजी पार्कला फिरायला जातोय."

"अहो, मी गिरगावात राहतो. समोरची चौपाटी सोडून शिवाजी पार्कला कोण फिरायला जातं?"

"मग तुमची वकिली कधी उपयोगी पडायची?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी टॅक्सी केली. दार उघडायला व्याही स्वतः आले. अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, हाताला पांढरं काहीतरी फासलेलं. आत स्वयंपाकघरात स्टुलावर माझी मुलगी बसली होती. डोळे रडून लाल. जावई ऑफिसला गेलेले. ओट्यावर पातेलंभर तिसऱ्या, आणि शेजारी ते सिंक.

त्या सिंकबद्दल सांगायला हवं. विहीणबाईंनी स्वयंपाकघर नवं करून घेतलं तेव्हा टाइल्स नवऱ्याने निवडल्या, कपाटं मुलाने निवडली, पण सिंक त्यांनी स्वतः दुकानं पालथी घालून आणलं होतं. मोठं, खोल, भरभक्कम स्टीलचं. त्यात जड भांडं ठेवायचं तर खाली रबराची जाळी घालायची, काम झालं की सिंक फडक्याने कोरडं करायचं, आणि बाईने भांडी घासताना आपण तिथे उभं राहायचं, असा दंडक होता. विहीणबाई स्वभावाने वाईट मुळीच नाहीत. लग्नाला वर्ष होऊन गेलं, माझ्या मुलीला त्यांनी एक वावगा शब्द ऐकवला नव्हता. पण मुग्धा काही करायला ओट्याजवळ गेली की "राहू दे, मी करते" म्हणायच्या. चहा, राहू दे. पोळ्या, राहू दे. त्या गोड आवाजातल्या 'राहू दे'ने माझी मुलगी पाहुण्यासारखी दिवाणखान्यात बसून राहायची आणि आमच्याशी फोनवर बोलताना उगाच मोठ्याने हसायची.

विहीणबाई बहिणीच्या नातवाच्या बारशाला नाशिकला गेल्या होत्या, संध्याकाळी परतणार होत्या. मुग्धाच्या मनात आलं, त्यांना आवडतात तशा तिसऱ्या करून ठेवाव्यात. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही. या मुलीने लग्नाआधी तिसऱ्या पाहिल्या असतील तर त्या शिंपल्या म्हणून, चौपाटीवर. तरी ती सकाळी दादरच्या बाजारात गेली, कोळिणीला विचारून विचारून तिसऱ्या घेऊन आली, रेती निघायला पाहिजे म्हणून सगळ्या सिंकमध्ये ओतल्या, नळ सोडला आणि दोन्ही हातांनी खसाखसा घुसळल्या. रेती निघाली. सिंकचं पॉलिशही निघालं. तळाला मांजरांची मारामारी होऊन गेल्यासारखे ओरखडे, आणि मधोमध एक धुरकट पांढरा चंद्र.

"हा चंद्र कसला?" मी विचारलं.

"तो माझा," व्याही म्हणाले. "आधी टूथपेस्ट लावली, मग सोडा लावला. गोल गोल घासलं. थोडं वाढलं."

"बाबा, आता आई मला किचनमध्ये पाऊलसुद्धा टाकू देणार नाहीत," मुग्धा म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. मी सुचवलं की विहीणबाईंना सरळ सगळं सांगून टाकावं. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आजारी माणसाच्या उशाशी बसून मी लाकडांची चौकशी केली. "सांगायचं काय? अजून काही झालंय कुठे? व्हायचंय ते आता होणार आहे. शर्ट काढा."

पण आधी आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "काका, कशाला मेहनत करता? नवीन टाका. आज बोला, उद्या बसवून देतो." व्याह्यांचा चेहरा तांबडा झाला. "तुमच्या डोक्यावर दोन केस पांढरे झालेत," ते म्हणाले, "नवीन डोकं बसवून घेणार का?" मी घाईघाईने पॉलिश पेपर मागितला. जाड, बारीक आणि अगदी मऊ असे तीन प्रकार घेतले आणि त्यांना दुकानाबाहेर ओढलं.

घरी आल्यावर व्याह्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात कुणी गोरा माणूस सिंक घासत होता, आणि व्याही त्याच्याशी मराठीत भांडत होते. "हळू रे बाबा, गाडी पकडायचीय का? तो कोपरा दाखव ना!" मुग्धा एव्हाना डोळे पुसून स्टुलावरून उठली होती. ती सिंकमध्ये वाकून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायला लागली. आणि एकदम म्हणाली, "थांबा! याला रेघा आहेत. केसांसारख्या बारीक. सगळ्या डावीकडून उजवीकडे जातायत."

व्याही वाकले, मी वाकलो. खरंच होतं. स्टीलच्या अंगावर कापडाला असतो तसा ताणा होता, आणि व्याह्यांनी सकाळपासून त्याच्या विरुद्ध गरगर घासलं होतं. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. व्याही आनंदाने ओरडले, "बघा! मी गोल घासलं नसतं तर हे कळलं असतं का?"

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणणं अपुरं आहे. आधी एका जुन्या स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर तालीम झाली. ताटली सुधारली तसे आम्ही सिंकवर उतरलो. नळाची बारीक धार चालू, पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला, आणि व्याही माझ्या मागे उभे. "सरळ, वकीलसाहेब, सरळ! कोर्टातली सवय इथे नको. फिरवाफिरवी नाही, एका रेषेत." माझा खांदा भरून आला की ते, ते दमले की मुग्धा. ओरखडे पुसट होत चालले. पण मग लक्षात आलं की घासलेला भाग इतका उजळलाय की उरलेलं सिंक त्याच्यापुढे मळकं दिसतंय. म्हणजे आता सगळंच घासायला हवं, भिंतींसकट. मी मटकन स्टुलावर बसलो. व्याह्यांना हर्ष झाला. काम वाढलं की त्यांना सणासारखं वाटतं.

दुपारी आम्ही उभ्या उभ्या दहीभात खाल्ला. मुग्धाने शेजारी शेगडीवर तिसऱ्यांना हात घातला होता. व्याही घासता घासता मागे न बघता सांगत होते, "ओलं खोबरं घातलंस? आता कोकम. नाही, नाही, झाकण ठेव." घरात मसाल्याचा वास सुटला होता, सिंकमध्ये मऊ पेपर चालला होता, आणि माझी मुलगी त्या स्वयंपाकघरात इकडून तिकडे, विचारल्याशिवाय डबे उघडत वावरत होती.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई. "मी दादरला उतरले हो. लवकरची गाडी मिळाली. टॅक्सी करतेय."

पाणी जायच्या जाळीजवळचा एक खोल ओरखडा उरला होता. त्यावर आम्ही दोघे म्हातारे असे तुटून पडलो की आमची डोकी दोनदा एकमेकांवर आपटली. मुग्धाने तेलाचा थेंब घेऊन फडक्याने सगळं सिंक रेघांच्या अंगाने पुसलं. मी शर्टाची बटणं लावली. व्याह्यांनी आम्हाला तिघांनाही शपथ घातली, म्हणजे स्वतःलासुद्धा: या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

विहीणबाई आल्या. मला बघून "अरे वा, व्याही!" म्हणाल्या. हात धुवायला आत गेल्या. आम्ही दिवाणखान्यात श्वास रोखून बसलो. नळ उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग काहीच आवाज येईना. माझी खात्री आहे, आणखी थोडा वेळ कळ काढली असती तर आजतागायत कुणाला काही कळलं नसतं. पण जिंकून गप्प बसणं ही एकच गोष्ट व्याह्यांना जमत नाही. ते ताडकन उठून आत गेले आणि गरजले, "दाखव! एक तरी ओरखडा दाखव!"

"कसला ओरखडा?" विहीणबाई म्हणाल्या.

झालं. सगळं बाहेर आलं. मुग्धा खाली मान घालून उभी. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, सिंकवरून बोट फिरवलं, मग पातेल्याचं झाकण काढलं. चमच्याने चव घेतली. एक तिसरी दातांखाली नीट चावली. आम्ही तिघे निकालाला उभे.

"मीठ थोडं कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण रेतीचा एक कण नाही. माझ्या हातच्या तिसऱ्यांत एवढ्या वर्षांत दरवेळी एखादी तरी कचकच लागतेच." मग एकदम हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सिंकमध्येच धुवायला हव्या होत्या म्हणजे! मुग्धा, मी दमलेय गं. भाताचं तू बघतेस का?"

व्याह्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की भरून आलेला खांदा पुन्हा जागचा हलला. त्या संध्याकाळी त्यांनी शेजारच्या बिऱ्हाडातल्या मंडळींना बोलावून सिंक दाखवलं, खालच्या वॉचमनला वर आणून दाखवलं, आणि व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाला आपला फोटो कसा पाठवायचा हे मला विचारलं.

अंधार पडायच्या आधी मी निघालो. व्याही मला गेटपर्यंत सोडायला आले. गेटशी थांबून ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "तुम्हाला उगाच त्रास दिला, व्याही. सिंकचं मी एकट्याने केलं असतं. पण ती रडायला लागली ना. मला मुलगी नाही. मुलगी रडली तर काय करायचं असतं, काही सुचेना. म्हणून म्हटलं, तुम्हाला बोलवावं." मी त्यांचा हात हातात घेतला. पेपरने सोलवटलेला, माझ्या हातासारखाच.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून मुग्धाची हाक आली, "बाबा!"

आम्ही दोघांनीही वर पाहिलं. वर्षभर सासऱ्यांना काय म्हणावं हे न ठरल्यामुळे ती त्यांना काहीच न म्हणता बोलायची. ती खिडकीतून वाकून हात हलवत होती. "बाबा, चष्मा ओट्यावरच विसरलात!"

व्याही आपले रिकामे डोळे चाचपत लगबगीने जिन्याकडे वळले. माझा चष्मा माझ्या नाकावरच होता.