मतं मागणारी ऑडिटर

इथे अमेरिकेत राज्याच्या ऑडिटरच्या ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा नागपूरला बाबांना फोन केला. ते स्वतः सरकारी लेखापरीक्षण खात्यातून रिटायर झालेले. माझ्या बॉस निवडणूक लढवून या जागेवर आल्यात, हे ऐकून ते म्हणाले, "ज्याला मतं मागायची, तो लोकांच्या चुका कशा काढणार गं?"

तेव्हापासून मी बाईंकडे जरा जास्तच लक्ष देऊ लागले. पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या एका छोट्या गावातल्या बँकेत कारकून. आधी गावाच्या हिशेबनीस म्हणून निवडून आल्या, मग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या. मी आले तेव्हा ऑडिटर म्हणून त्यांची दुसरी टर्म चालू होती. शनिवार-रविवार जत्रांमधून स्वतः पत्रकं वाटत. "ऑडिटर म्हणजे टॅक्सवाले ना?" असं लोक विचारत. सरकारी खाती आपलं काम नीट करतात का, ते आम्ही तपासतो, असं बाई न कंटाळता समजावून सांगत.

त्या वर्षी आम्ही सरकारी इमारतींतल्या लिफ्टची तपासणी नीट होते का, ते बघत होतो. एका जुन्या कोर्टाच्या लिफ्टला नुकतंच सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिळालं होतं. काहीतरी विचारायला मी तिथे फोन केला, तर वॉचमन म्हणाला, "लिफ्ट? ती तर कधीच काढून टाकली. आम्ही सगळे जिन्यानंच जातो."

मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. बाईंना सांगितलं, तर त्यांनी पर्स उचलली. "चल, बघून येऊ."

दीड तास त्यांनीच ड्राइव्ह केलं. लिफ्टच्या दाराला प्लायवूड ठोकलेलं होतं. बाईंनी वाकून फटीतून टॉर्च मारला. आत नुसता खड्डा होता.

"आता बाकीच्या बघायला हव्यात," त्या म्हणाल्या.

बघितल्या. बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्टर न जाताच सह्या करत होते. लिफ्ट तपासणारं ते खातं बाईंच्याच पक्षाच्या माणसाकडे होतं आणि निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. पक्षाचे एक ज्येष्ठ पुढारी येऊन बाईंशी बोलून गेले. रिपोर्ट निवडणुकीनंतर काढा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"मग काय ठरवलंत?" मी धीर करून विचारलं.

"तोवर त्या लिफ्टमधून लोक ये-जा करणारच ना?" मग म्हणाल्या, "पण मला हरायला अजिबात आवडत नाही, हेही तुला सांगून ठेवते."

रिपोर्ट निघाला. पक्षानं प्रचारातून हात काढून घेतला आणि बाई थोडक्यात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी आल्या. डोळे सुजलेले होते. माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी विचारलं, "उरलेल्या इमारतींची यादी झाली का?"

नवे ऑडिटर विरोधी पक्षाचे, पण त्यांनी ते काम सोडलं नाही. फेरतपासणीत कितीतरी लिफ्ट बंद कराव्या लागल्या. बाई आपल्या गावी परत गेल्या.

दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. गावच्या लायब्ररीच्या बोर्डावर त्या बिनविरोध निवडून आल्या होत्या. मी अभिनंदन केलं.

"कसलं अभिनंदन," त्या म्हणाल्या. "कुणाच्या दारात जाऊन मत मागावंच लागलं नाही. एवढी पत्रकं छापून ठेवली होती मी."