पुण्यात जुळलेले सत्तावीस गुण

बार्शीहून सकाळची एसटी सुटली तेव्हा आईच्या मांडीवर नारळ होता. पुण्यातही नारळ मिळतात, हे मी तिला आदल्या दिवसापासून सांगत होते. "मिळत असतील. मागणं आपलं, तर नारळ बी आपला," एवढंच तिचं उत्तर. माझं लग्न ठरलं की तो नारळ बुधवार पेठेतल्या गणपतीला वाहायचा होता.

निघालो होतो अनिकेतच्या घरी. तो बार्शीत मी नोकरी करते त्याच बँकेत होता, पुढे त्याची पुण्याला बदली झाली. लग्न करायचं हे आम्हा दोघांचं ठरलेलं. राहिला होता त्याच्या वडिलांचा होकार. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे सांगताना माझी मान खाली जात नाही, ताठ होते. म्हणून मला धास्ती नव्हती.

भिगवणच्या पुढे ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि नारळ घरंगळत पार पुढे गेला. एका आजोबांनी तो उचलून आणून दिला. "घ्या ताई. फुटला असता तर देवाला काय, डायव्हरला वाहिला असता?" आई हसली. त्या दिवसातलं ते शेवटचं मोकळं हसू.

स्वारगेटला उतरून रिक्षा केली. "बिबवेवाडीत जायचंय," मी म्हटलं.

"बिबवेवाडीत कुठं?"

"सांगते ना, आधी चला तर."

"बसा. तुम्हाला आठवेपर्यंत मीटर चालू राहील."

मार्केट यार्डाजवळ कांद्याचा वास आला तशी आई बाहेर वाकली. गोण्यांनी भरलेल्या गाड्या, हमालांची ओरड. "आपला कांदा हितंच येतो की गं!" तिला पुणं तेवढ्यापुरतं ओळखीचं झालं.

अनिकेतचे वडील निवृत्त इंजिनिअर. तिसऱ्या मजल्यावरचं स्वच्छ घर, भिंतीवर पदव्या फ्रेम करून लावलेल्या. त्यांनी आम्हाला "आपण, आपण" म्हणत बसवलं. आईला गावाचं नाव विचारलं, मग आडनाव, मग आडनाव पुन्हा एकदा. त्याच्या आईने पोहे आणले. मी दोन घास घेतले तोच वडिलांनी लॅपटॉप उघडला.

"फोनवर सांगण्यापेक्षा समक्ष सांगावं म्हणून बोलावलं. पत्रिका जुळत नाही. अकरा गुण. शिवाय एकनाड." (दोघांची नाडी एकच निघाली तर तो पत्रिकेतला सगळ्यात मोठा दोष मानतात.) "तुमच्यात बघत नसतील. पण गैरसमज नको, आम्ही अंधश्रद्ध नाही. हे खगोलगणित आहे. एकनाड म्हणजे सरळ रक्ताचा प्रश्न. विज्ञान."

"मग रक्तच तपासू या ना, काका," मी म्हटलं. "माझा गट बी, अनिकेतचा ओ. लॅब खाली चौकातच दिसली."

"ते तसं नसतं."

"मग कसं असतं?"

ते उत्तर देणार तेवढ्यात आई बोलली. "पर साहेब, तुमी कुठली तारीख धरली?"

"मुलीने पाठवलेली. एक जून."

"अवो, ती मास्तरची तारीख! शाळेत घालताना मास्तर समद्या पोरांना जूनची पहिलीच लिवायचे. आमच्या गल्लीत निम्म्यांचा वाढदिस एकाच दिशी येतो. ही झाली भूकंपाच्या दुसऱ्या साली, नवरात्रात, सातव्या माळंला. दिवेलागणीला."

आयुष्यभर मी सगळीकडे एक जूनच लिहीत आले. यांनाही तीच पाठवली. जी तारीख मास्तरांच्या सोयीची, तिच्यावरून यांच्या विज्ञानाने माझं रक्त ओळखलं होतं.

साहेबांना चेव आला. "आता शास्त्र काय म्हणतं ते बघाच." जुनी तिथी शोधली, वेळ टाकली. पडद्याकडे बघत राहिले.

अनिकेत मागून वाकून वाचायला लागला. "सत्तावीस, बाबा. नाडही वेगळी आहे."

आईने पिशवीतल्या नारळावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू. ज्या गोष्टीवर माझा कवडीचा विश्वास नाही, तिच्या निकालाने मला आनंद झाला होता.

साहेबांनी लॅपटॉप मिटला. "नुसते गुण जुळून काही होत नाही. शेवटी हा श्रद्धेचा विषय आहे. माझं मन घेत नाही."

"मघाशी विज्ञान होतं," मी म्हटलं.

"आपण स्थळ म्हणून आलात की वाद घालायला?"

"बाबा, पण आता जुळतंय ना?" अनिकेत म्हणाला.

"तुला करायचं तर कर. मला विचारू नकोस."

अनिकेतने मोबाइल हातात घेतला आणि त्यात बघत बसला. त्याची आई म्हणाली, "पोहे गार होतायत."

खाली फाटकापर्यंत तो आला. "थोडा वेळ दे. मी समजूत घालतो."

"कसली समजूत? हिशेब त्यांनीच केला, उत्तर तू वाचलंस. आता उरलंय ते आमचं आडनाव. ते कसं बदलशील?"

मी रिक्षाला हात केला.

मला थेट स्टँड गाठायचं होतं, आई ऐकेना. बुधवार पेठेत वायरी, बल्ब, स्पीकरच्या दुकानांतून वाट काढत आम्ही देवळाच्या रांगेत उभ्या राहिलो. "लग्न ठरलं तर वाहणार होतीस. मोडलं की. आता कशाला?"

"बाप्पानं जुळवून दिलं ना? सत्तावीस! त्याचं काम त्यानं केलं. फुडलं माणसाचं हुतं."

श्रद्धेला कारण लागतं की नाही, यावर कॉलेजात मी तावातावाने बोलायची. बक्षीसही मिळवलं होतं. त्या रांगेत मला दिसलं, की आईचा देव कधी हरत नाही आणि साहेबांची पत्रिकाही हरत नाही. दोघांचं आधीच ठरलेलं असतं, कारण मागून येतं. पण आईने तिच्या कारणाला कधी विज्ञान म्हटलं नाही, आणि तिच्या देवाच्या दारात आम्हाला कुणी आडनाव विचारलं नाही. बाकी मला त्या देवाचंही काही सांगू नका.

परतीच्या एसटीत तिने अर्ध्या नारळातलं खोबरं काढून माझ्यापुढे धरलं. "खा. प्रसाद हाय."

मी खाल्लं. प्रसाद म्हणून नाही, भूक लागली होती म्हणून. त्या घरातल्या पोह्यांचे दोनच घास पोटात गेले होते.