मिलोसाठी नव्हे

१९७१: नवरा, ज्याच्या दुसऱ्या घरोब्यामुळे न्यायालयाने माझ्या धाकट्या बहिणीला घटस्फोट दिला. १९७२: धर्मप्रांताचे कार्यालय, ज्याने तिच्या पुनर्विवाहाविषयीच्या आमच्या अर्जाला उत्तर दिले नाही. १९७३चा ईस्टरआधीचा उपवासकाळ: तिसगावजवळच्या आमच्या कॅथलिक देवळातील फादर. आमच्या पंथांतराला जबाबदार हे तिघे.

त्या रविवारी ती वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसली होती. फादरांनी डावीकडच्या बाईच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवला, उजवीकडचीला दिला, हिला वगळले. हिचे तोंड उघडेच राहिले.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "दादा, त्यांनी मला बगितलंच न्हाई का?"

मी फादरांना गाठले. ते म्हणाले, "धर्मप्रांताचा निकाल येईपर्यंत लोकांत बरं दिसत नाही."

"हिने अजून दुसरे लग्न केलेले नाही. बरे न दिसणे हे कोणते कलम?"

"तुम्ही नेहमी कोर्टातलं बोलता."

"आपण देवळातले तरी बोला."

ते आत गेले. माझा संताप बाहेर उन्हात उभा राहिला.

पुढे एका विधुर शिक्षकाने तिला मागणी घातली. नगरच्या प्रोटेस्टंट पाळकांनी न्यायालयाचा हुकूम दोनदा वाचला आणि लग्न लावले. तिच्यामागून आमचे सारे घर त्या पंथात गेले. श्रद्धेत काडीचा फरक पडला नव्हता. फक्त तिला पुन्हा तसे बसवायचे नव्हते.

दुष्काळ सरला नव्हता. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिळे. त्या रांगेत शेजारीण बहिणीला म्हणाली, "काय गं, तिकडच्या देवळात मिलोची भाकर गोड लागती व्हय?"

"लाल ती लालच, वैनी. तुमची-आमची एकाच दुकानातली हाय."

रांग हसली. बहीण घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. पुढच्या रविवारी जुन्या देवळात फादरांनी उपदेशात सांगितले की काही घरे मिलोसाठी पंथ सोडून गेली. मिलो सरकारी होता. रेशनकार्डावर पंथाचा रकाना नव्हता. हे मी त्यांना लिहून कळवले, पुन्हा कळवले, आणि मग थकलो.

नव्या देवळात जपमाळ नाही. संध्याकाळी माझा हात अजून खिशात मणी चाचपतो. बहीण आता म्हातारी झाली आहे. "मिलोवाली" हे नाव तिच्या नातवंडांपर्यंत पोचले आहे.

फादर हयात आहेत. मला खाजगी पत्र नको. ज्या वेदीवरून त्यांनी मिलोचे नाव घेतले, तिथूनच, मंडळी बसलेली असताना, त्यांनी सांगावे: त्या रविवारी माझ्या बहिणीला कोणत्या नियमाने वगळले?